अमेरिकेतील दिवाळखोरी, कर्ज-समुपदेशन आणि अर्थशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रेडिट कार्डांची वाढत गेलेली थकबाकी, रुग्णालयाची बिले, गेलेली नोकरी किंवा न चाललेला व्यवसाय यांमुळे अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करण्याचा विचार करणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. अमेरिकेत दिवाळखोरीचा कायदा संघराज्याचा असल्यामुळे त्याची चौकट सर्वत्र सारखी आहे. मात्र घर, गाडी, दागिने यांपैकी काय आणि किती वाचवता येते हे बहुतांशी तुम्ही राहता त्या राज्याच्या नियमांवर ठरते. येथे दिलेली माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असून ती वकिलाच्या सल्ल्याला पर्याय नाही.

अर्ज करण्यापूर्वी समुपदेशन घेणे खरोखरच सक्तीचे आहे का?

होय. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी २० एप्रिल २००५ रोजी स्वाक्षरी केलेल्या आणि त्याच वर्षी १७ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या कायद्याने ही अट घातली. अर्जदार जर व्यक्ती असेल, तर तिने मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्ज-समुपदेशन घेतल्याचे प्रमाणपत्र न्यायालयात दाखल केले पाहिजे. मग अर्ज मालमत्ता विकून कर्जे निकाली काढणाऱ्या चॅप्टर ७ खाली असो, की तीन ते पाच वर्षे हप्ते भरण्याच्या चॅप्टर १३ खाली असो. कंपन्यांना ही अट लागू नाही. परंतु स्वतःच्या नावावर व्यवसाय करणाऱ्याला ती लागू होते, कारण कायद्याच्या दृष्टीने तो आणि त्याचा व्यवसाय वेगळे नसतात.

वेळेवर सल्ला मिळाला तर पुष्कळ लोकांना दिवाळखोरी टाळता येईल, अशी या अटीमागची अपेक्षा होती. अमेरिकी काँग्रेससाठी लेखापरीक्षण करणाऱ्या जीएओ या संस्थेने २००७ च्या अहवालात मात्र या सक्तीचा उपयोग नेमका किती होतो हे स्पष्ट नसल्याचे नोंदवले. समुपदेशकापर्यंत पोचेपर्यंत बहुतेकांची परिस्थिती इतकी हातघाईवर आलेली असते, की दुसरे मार्ग फारसे उरलेले नसतात. आमच्या मते हा दोष समुपदेशनाचा कमी आणि ते घेण्याच्या वेळेचा अधिक आहे, आणि पुढील अनेक उत्तरांत हा मुद्दा पुन्हा येईल.

दोन प्रमाणपत्रे लागतात असे ऐकले. ती वेगळी आहेत का?

वेगळी आहेत, आणि त्यांची गल्लत महागात पडू शकते. पहिले प्रमाणपत्र अर्ज करण्यापूर्वीच्या कर्ज-समुपदेशनाचे असते. त्यात तुमचे उत्पन्न, खर्च आणि कर्जे यांचा हिशेब मांडून दिवाळखोरीखेरीज कोणते मार्ग आहेत हे सांगितले जाते. दुसरे प्रमाणपत्र अर्ज दाखल झाल्यानंतर घ्यायच्या अर्थशिक्षण अभ्यासक्रमाचे असते. पहिल्यावाचून अर्ज टिकत नाही आणि दुसऱ्यावाचून कर्जमुक्तीचा आदेश मिळत नाही. अर्जापूर्वीच दोन्ही उरकून टाकावीत असा विचार करून कोणी दुसरा अभ्यासक्रम आधी पूर्ण केला, तर तो ग्राह्य धरला जात नाही. एकच संस्था दोन्ही सेवा देत असली तरी दोन्हींसाठी मान्यता स्वतंत्रपणे घ्यावी लागते, म्हणून नोंदणीपूर्वी ती तपासून घ्यावी.

पहिले समुपदेशन नेमके केव्हा घ्यावे?

कायद्यानुसार ते अर्जाच्या तारखेपूर्वीच्या १८० दिवसांत झालेले असावे. अर्जाच्याच दिवशी, परंतु अर्ज दाखल होण्याआधी घेतलेले समुपदेशन चालते का, यावर सुरुवातीच्या काळात न्यायालयांत मतभेद होते. २०१० साली कायद्याच्या शब्दांत दुरुस्ती करून ते चालते हे स्पष्ट करण्यात आले. प्रमाणपत्र १८० दिवसांहून जुने झाले असेल, तर समुपदेशन पुन्हा घ्यावे लागते.

व्यवहारात बहुतेक लोक आधी वकील गाठतात, वकिलाचे कार्यालय एका संकेतस्थळाचा दुवा पाठवते आणि अर्जाच्या आदल्या रात्री संगणकासमोर बसून सत्र उरकले जाते. कायद्याची अट त्याने पूर्ण होते, पण समुपदेशनातून जे मिळू शकले असते ते हातचे जाते. किमान हप्ता भरण्यासाठी एका कार्डावरून रोख उचलून दुसऱ्या कार्डात भरण्याची वेळ येते, तीच समुपदेशकाकडे जाण्याची योग्य वेळ होय. त्या टप्प्यावर व्याजदर कमी करून घेणे, घरखर्च आवरणे, गाडी विकून स्वस्त गाडी घेणे असे पर्याय अद्याप शिल्लक असतात. शिवाय दिवाळखोरी अटळ असल्याचे लवकर कळले, तर त्यानंतरच्या महिन्यांत होणाऱ्या काही गंभीर चुका टळतात.

अशा चुकांपैकी सर्वांत मोठी म्हणजे निवृत्तीनिधीला हात लावणे. नोकरीतून मिळणारा ४०१(के) निधी दिवाळखोरीत सामान्यतः पूर्णपणे सुरक्षित असतो. धनको किंवा ट्रस्टी (दिवाळखोरीचे प्रकरण सांभाळण्यासाठी नेमलेली व्यक्ती) त्याला हात लावू शकत नाहीत. असे असूनही लोक तो फोडून कार्डांची देणी भागवतात, साडेएकोणसाठ वर्षांच्या आत रक्कम काढल्यामुळे बहुधा आयकराखेरीज १० टक्के जादा कर भरतात आणि वर्षभराने अखेर दिवाळखोरीचा अर्ज करतातच. ज्या कर्जांतून त्यांची एरवीही सुटका झाली असती, त्यांच्यासाठी म्हातारपणची पुंजी गेलेली असते.

संस्था कशी निवडावी? गूगलवर पहिली दिसते ती चालेल का?

नाही. प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेचेच लागते. अमेरिकी न्याय खात्याच्या अखत्यारीतील युनायटेड स्टेट्स ट्रस्टी कार्यालय ही मान्यता देते आणि आपल्या संकेतस्थळावर जिल्हानिहाय यादी प्रसिद्ध करते. अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांत ही व्यवस्था न्यायालयांचे दिवाळखोरी प्रशासक पाहतात, म्हणून तेथील यादी वेगळी असते. तुम्ही ज्या न्यायिक जिल्ह्यात अर्ज करणार आहात त्या जिल्ह्यासाठी संस्थेला मान्यता आहे ना, हे पाहणे आवश्यक आहे.

पहिल्या समुपदेशनासाठी संस्था ना-नफा तत्त्वावर चालणारी असली पाहिजे. समुपदेशनाचा निष्कर्ष काय निघाला यावर समुपदेशकाला दलाली किंवा बक्षिसी देण्यास कायद्याने मनाई आहे. संस्थेला निधी कोठून मिळतो, समुपदेशकांची पात्रता काय आहे, खर्च किती येईल आणि सुचवलेल्या योजनेचा पतनोंदीवर (क्रेडिट रिपोर्टवर) काय परिणाम होऊ शकतो, हे तुम्हाला आधी सांगणे तिच्यावर बंधनकारक आहे. निधीविषयी जरूर विचारावे. यांतील अनेक संस्थांना बँका आणि कार्ड कंपन्यांकडूनही पैसे मिळतात. त्यात बेकायदेशीर काही नाही, परंतु कर्जफेड योजनेचा आग्रह धरला जात असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवून तो सल्ला तोलावा. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल फाउंडेशन फॉर क्रेडिट काउन्सेलिंगसारख्या जुन्या महासंघाची सदस्य असलेली संस्था निवडणे हा एक सोपा निकष आहे, मात्र ते सदस्यत्व म्हणजे सरकारी मान्यता नव्हे.

सत्रात काय होते आणि तयारी कोणती करावी?

सत्र समक्ष, फोनवर किंवा इंटरनेटवरून होऊ शकते आणि साधारण एक ते दीड तास चालते. समुपदेशक तुमचे मासिक उत्पन्न, घरखर्च, तारण असलेली आणि नसलेली कर्जे यांचा तक्ता मांडतो, अडचण का आली हे विचारतो आणि त्यावरून कोणते मार्ग खुले आहेत ते सांगतो. काही संस्थांमध्ये बहुतांश प्रश्नावली संगणकावर भरावी लागते आणि शेवटी समुपदेशकाशी थोडा वेळ बोलणे होते. आकडे चुकीचे दिले तर निष्कर्षही चुकीचाच निघणार, म्हणून पुढील गोष्टी जवळ ठेवून बसावे : अलीकडच्या वेतनचिठ्ठ्या, मागील आयकर विवरणपत्र, प्रत्येक कार्डाचे ताजे विवरण, घर व गाडीच्या कर्जाची शिल्लक, वैद्यकीय बिले आणि किमान तीन महिन्यांचे बँक खात्याचे उतारे.

खर्चाचा तक्ता अंदाजाने भरण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. किराणा, पेट्रोल आणि विजेचे बिल लोकांना तोंडपाठ असते. वर्षातून एकदाच येणारे खर्च मात्र विसरले जातात : गाडीचा विमा, भारताची विमानतिकिटे, मुलांच्या उन्हाळी वर्गांची फी, मालमत्ता कर. बहुतेक घरांची तोंडमिळवणी या खर्चांपाशीच फसते. त्या सर्वांची वार्षिक बेरीज करून तिचा बारावा हिस्सा मासिक खर्चात धरला, तर खरे चित्र दिसते. पुढे न्यायालयात उत्पन्न-खर्चाचे जे तक्ते शपथेवर द्यावे लागतात, त्यांसाठी हीच मांडणी कामाला येते. सत्रातील आकडे आणि न्यायालयातील आकडे यांत मोठी तफावत नसावी.

भारतात आईवडिलांना दरमहा पैसे पाठवतो. ते सांगावे का?

सांगावे, आणि रक्कमही अचूक सांगावी. ही रक्कम बँकेच्या उताऱ्यात दिसतेच. आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील आणि रक्कम गरजेपुरती असेल तर खर्च म्हणून ती मांडता येते. ट्रस्टी किंवा न्यायालय ती वाजवी मानेल की नाही हे पुराव्यावर ठरते. वडिलांच्या औषधांची बिले, आईच्या देखभालीचा खर्च अशी कागदपत्रे मागवून ठेवावीत. घराच्या हप्त्यात खाडा पडत असताना दरमहा मोठी रक्कम बाहेर जात असेल, तर समुपदेशक त्याविषयी विचारणारच. तो प्रश्न भावनेला लागतो हे आम्ही जाणतो. तरीही घरच्यांना खरी परिस्थिती सांगून रक्कम काही काळ कमी करणे, हे ती लपवून कार्डावर रोख उचलत राहण्यापेक्षा सर्वांच्याच हिताचे असते.

भारतातील सदनिका, ठेवी किंवा जमिनीतील हिस्सा अमेरिकेच्या न्यायालयाला सांगावा लागतो का?

लागतो. कायद्यानुसार अर्जदाराची मालमत्ता जगात कोठेही असली तरी ती दिवाळखोरीच्या मालमत्तेत गणली जाते. स्वतःच्या नावावरील सदनिका, बँकेतील अनिवासी खाती, मुदत ठेवी, सोने, शेअर, भावासोबत संयुक्त नावावर असलेले घर, हे सर्व जाहीर केले पाहिजे. आईवडिलांच्या सोयीसाठी तुमचे नाव लावलेले संयुक्त खातेही जाहीर करावे आणि त्यातील पैसे कोणाचे आहेत ते स्पष्ट करावे. वडिलोपार्जित जमिनीतील हक्क हा अधिक गुंतागुंतीचा विषय आहे : कोणाचा हिस्सा केव्हा निर्माण होतो हे भारतीय कायद्यावर ठरते, म्हणून सातबारा किंवा मिळकतपत्रिका मिळवून वकिलासमोर ठेवावी. आणखी एक गोष्ट फारशा लोकांना ठाऊक नसते. अर्ज केल्यानंतर १८० दिवसांच्या आत एखाद्याच्या मृत्यूमुळे तुम्हाला वारसा हक्क प्राप्त झाला, तर तीही मालमत्ता या प्रकरणात धरली जाते आणि न्यायालयाला कळवावी लागते.

मालमत्ता जाहीर केली म्हणजे ती गेलीच, असे नाही. कायद्याने राखू दिलेल्या सवलतीच्या मर्यादेत बसणारी मालमत्ता वाचते आणि चॅप्टर १३ मध्ये तिच्या किमतीइतकी रक्कम हप्त्यांतून भरून ती राखता येते. ती लपवली तर मात्र कर्जमुक्ती नाकारली जाऊ शकते आणि जाणूनबुजून केलेली लपवाछपवी हा संघराज्याच्या कायद्याखाली ५ वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा आहे. अर्जाआधी सदनिका घाईघाईने भावाच्या नावावर करणे हा उपाय नव्हे. अर्जापूर्वीच्या २ वर्षांतील असे हस्तांतर ट्रस्टी रद्द करवून घेऊ शकतो, आणि काही राज्यांच्या कायद्यांनुसार त्याहून जुनेही.

मामांकडून घेतलेले उसने पैसे आधी परत करून मग अर्ज केला तर?

हा प्रश्न पुष्कळदा येतो, आणि त्यामागची भावना प्रामाणिक असते : बँक बुडाली तरी चालेल, पण नात्यातला माणूस बुडू नये. कायदा मात्र सर्व विनातारण धनकोंकडे समान दृष्टीने पाहतो. नातेवाईक हा कायद्याच्या भाषेत निकटचा माणूस असल्यामुळे अर्जापूर्वीच्या १ वर्षात त्याला केलेली परतफेड ट्रस्टी त्याच्याकडून परत मागू शकतो. इतर धनकोंच्या बाबतीत ही मुदत ९० दिवसांची आहे. म्हणजे मामांना पैसे मिळतील आणि वर काही महिन्यांनी ट्रस्टीची नोटीसही मिळेल.

योग्य मार्ग असा : मामांचे कर्ज अर्जातील यादीत लिहावे, त्यांना तसे आधी सांगावे, आणि कर्जमुक्तीनंतर स्वतःच्या पुढील कमाईतून स्वेच्छेने ते फेडावे. कायदेशीर बंधन उरले नाही तरी असे फेडण्यास कायद्याची मनाई नाही. अर्जाआधीच परतफेड झालेली असेल, तर वकिलाला तारीख आणि रक्कम सांगावी. अर्ज कधी दाखल करायचा हे त्यावरून ठरवता येते.

खर्च किती येतो? पैसेच नसतील तर?

नियमांनुसार प्रत्येक सेवेसाठी ५० डॉलरपर्यंतचे शुल्क वाजवी समजले जाते आणि अनेक संस्था त्याहून कमी घेतात. पैसे भरण्याची ऐपत नाही म्हणून सेवा नाकारता येत नाही. कुटुंबाचे उत्पन्न संघराज्याच्या दारिद्र्य मर्यादेच्या १५० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर शुल्कमाफी किंवा शुल्कात कपात मागण्याचा तुम्हाला हक्क आहे; ही सवलत संस्थेने आपणहून सांगायला हवी, पण नाही सांगितली तर विचारावे. न्यायालयाचे शुल्क वेगळे असते : चॅप्टर ७ साठी ३३८ डॉलर आणि चॅप्टर १३ साठी ३१३ डॉलर. ते हप्त्यांनी भरण्याची परवानगी मागता येते. चॅप्टर ७ मध्ये वरील उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांना, हप्त्यांनीही भरणे शक्य नसल्यास, माफीचा अर्जही करता येतो.

समुपदेशकाने कर्जफेडीची योजना सुचवली तर ती स्वीकारलीच पाहिजे का?

नाही. समुपदेशन घेणे सक्तीचे आहे, सल्ला मानणे सक्तीचे नाही. योजना तयार झाली असेल तर तिची प्रत प्रमाणपत्रासोबत न्यायालयात द्यावी लागते, एवढेच.

या योजनेत तुम्ही दरमहा एक ठरावीक रक्कम संस्थेला देता आणि ती संस्था ती धनकोंमध्ये वाटते. धनको सहसा व्याजदर कमी करतात आणि विलंबशुल्क थांबवतात, मात्र मुद्दल पूर्ण फेडावे लागते. अवधी साधारण ३ ते ५ वर्षांचा असतो, त्यातील कार्डे बहुधा बंद होतात, आणि गृहकर्ज किंवा गाडीचे कर्ज यात बसत नाही. स्थिर नोकरी आहे, तारण कर्जे नियमित चालू आहेत आणि अडचण केवळ कार्डांच्या व्याजाची आहे, अशा कुटुंबाला ही योजना खरोखर उपयोगी पडते. ज्याचे उत्पन्नच थांबले आहे त्याला ती उपयोगी नाही. दीड वर्ष हप्ते भरून योजना मोडली तर भरलेले पैसे गेले आणि उरलेले कर्ज तसेच राहिले, अशी गत होते.

कायद्यात याविषयी एक क्वचितच वापरली जाणारी तरतूद आहे. मान्यताप्राप्त संस्थेने तुमच्या वतीने अर्जापूर्वी किमान ६० दिवस आधी, विनातारण ग्राहककर्जाच्या किमान ६० टक्के रक्कम वाजवी मुदतीत फेडण्याचा प्रस्ताव दिला आणि धनकोने अवाजवीपणे बोलणीच नाकारली, तर न्यायालय त्या धनकोचा दावा २० टक्क्यांपर्यंत कमी करू शकते. हे सिद्ध करण्याचा भार ऋणकोवर असतो. तेव्हा संस्थेमार्फत झालेला सर्व पत्रव्यवहार जपून ठेवावा.

"कर्ज निम्म्यावर आणून देतो" असे सांगणाऱ्या कंपन्या म्हणजे हेच समुपदेशन का?

मुळीच नाही. त्या कर्ज-तडजोडीच्या कंपन्या असतात आणि बहुधा नफ्यासाठी चालतात. कार्डांचे हप्ते थांबवा, पैसे आमच्या सांगण्यानुसार वेगळ्या खात्यात साठवा आणि धनको थकला की तडजोड करू, अशी त्यांची पद्धत असते. त्या काळात व्याज वाढत राहते, पतनोंद ढासळते आणि एखादा धनको दावाही दाखल करतो. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०१० च्या नियमानुसार, फोनवरून आपली सेवा विकणाऱ्या अशा कंपनीला किमान एका कर्जाची तडजोड प्रत्यक्ष होण्याआधी शुल्क घेता येत नाही. आगाऊ पैसे मागितले, तर बोलणे तेथेच थांबवावे.

शिवाय तडजोडीत माफ झालेली रक्कम आयकरासाठी उत्पन्न धरली जाऊ शकते आणि ६०० डॉलर किंवा त्याहून अधिक माफीसाठी धनको १०९९-सी हे पत्रक पाठवतो. दिवाळखोरीत सुटलेले कर्ज मात्र असे उत्पन्न धरले जात नाही. सल्ला देणारे हा फरक क्वचितच आधी सांगतात.

घराचा लिलाव परवा आहे. समुपदेशनाला वेळच नाही. काय करावे?

तातडीच्या परिस्थितीत अर्ज आधी आणि समुपदेशन नंतर, अशी तात्पुरती सूट आहे. त्यासाठी तुम्ही मान्यताप्राप्त संस्थेकडे सेवा मागितली होती, ७ दिवसांच्या आत ती मिळू शकत नव्हती आणि परिस्थिती खरोखर निकडीची होती, हे न्यायालयाला पटले पाहिजे. सूट मिळाली तरी ३० दिवसांत समुपदेशन पूर्ण करावे लागते. सबळ कारण असल्यास आणखी १५ दिवस मिळू शकतात.

परंतु या सुटीवर विसंबू नये. इंटरनेटवर आणि फोनवर सत्रे मिळत असल्यामुळे "सात दिवसांत सेवा मिळाली नाही" हे पटवणे अवघड असते. प्रमाणपत्र सत्रानंतर एका कामकाजाच्या दिवसाच्या आत मिळते, अनेकदा त्याच दिवशी. त्यामुळे आज रात्री सत्र घेऊन उद्या अर्ज करणे हाच सुरक्षित मार्ग आहे. अर्ज दाखल होताच वसुली आणि लिलाव आपोआप स्थगित होतात. प्रमाणपत्राअभावी तो अर्ज फेटाळला गेला आणि वर्षाच्या आत दुसरा करावा लागला, तर न्यायालयाने मुदत वाढवली नाही तर ही स्थगिती केवळ ३० दिवस टिकते. वर्षात दोन अर्ज फेटाळले गेले असतील, तर तिसऱ्या वेळी ती आपोआप मिळतही नाही.

समुपदेशनातून कायमची सूट कोणाला मिळते?

मानसिक आजारामुळे किंवा बौद्धिक अक्षमतेमुळे आर्थिक निर्णय घेण्यास असमर्थ असलेल्या, शारीरिक अपंगत्वामुळे समक्ष, फोनवर वा इंटरनेटवर सहभागी होऊच न शकणाऱ्या, किंवा युद्धक्षेत्रात सक्रिय लष्करी सेवेत असलेल्या व्यक्तींना. न्यायालयात अर्ज करून ती मिळवावी लागते.

पती-पत्नी मिळून अर्ज करत असतील तर एक प्रमाणपत्र पुरेल का?

नाही, दोघांची स्वतंत्र लागतात. सत्राला दोघे एकत्र बसू शकतात आणि आमच्या मते तसेच बसावे. घरातील एकालाच सर्व कर्जांची माहिती असणे हे मराठी घरांत दुर्मीळ नाही, आणि ती दुसऱ्याला पहिल्यांदा न्यायालयाच्या कागदांतून कळणे क्लेशकारक असते. एकाच जोडीदाराला अर्ज करण्याचीही मुभा आहे. तसे केले तरी घराचे एकत्रित उत्पन्न विचारले जाते, आणि दुसऱ्याच्या नावावर किंवा संयुक्त नावावर असलेल्या कर्जाची त्याची जबाबदारी संपत नाही.

इंग्रजी अडखळत असेल तर?

मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत भाषेनुसारही शोध घेता येतो. मराठी न मिळाल्यास हिंदीची विचारणा करावी आणि दुभाष्याची सोय होईल का हे नोंदणीपूर्वीच ठरवावे. मुलाने किंवा मुलीने आईवडिलांच्या वतीने प्रश्नावली परस्पर भरून टाकणे योग्य नाही. प्रमाणपत्र ज्याच्या नावाने निघते त्यानेच सत्र पूर्ण केलेले असले पाहिजे.

नागरिकत्व नसताना दिवाळखोरीचा अर्ज करता येतो का?

येतो. अमेरिकेत वास्तव्य, व्यवसाय किंवा मालमत्ता असणे पुरेसे आहे. एच-१बी व्हिसावरील किंवा ग्रीन कार्डधारक व्यक्तीही अर्ज करू शकते आणि समुपदेशनाची अट तिलाही तशीच लागू होते. व्हिसाच्या किंवा नागरिकत्वाच्या प्रकरणावर काही परिणाम होईल का, हा प्रश्न इमिग्रेशनच्या वकिलाला स्वतंत्रपणे विचारावा. थकलेले कर आणि अर्जातील खोटी विधाने यांची अडचण तेथेही होऊ शकते.

दुसऱ्या अभ्यासक्रमात काय शिकवतात? तो राहून गेला तर?

अंदाजपत्रक बनवणे, पैशांचे नियोजन, कर्जाचा विचारपूर्वक वापर आणि ग्राहकहक्कांची माहिती हे त्याचे मुख्य भाग असतात आणि तो साधारण दोन तासांचा असतो. शिकलेल्या माणसाला त्यातील बराचसा भाग ठाऊक असतो, हे मान्य. तरीही कार्डावरील चक्रवाढ व्याज, वाहनकर्जाच्या करारातील अटी आणि आपत्कालीन निधी यांवरील धडे लक्ष देऊन पाहावेत, कारण कर्जमुक्तीनंतर काही आठवड्यांतच चढ्या व्याजाच्या नव्या कार्डांची आणि गाडीकर्जांची पत्रे घरी येऊ लागतात. चॅप्टर ७ ची कर्जमुक्ती पुन्हा मिळवण्यासाठी आधीच्या अर्जापासून ८ वर्षे जावी लागतात, हे ती पत्रे पाठवणाऱ्यांनाही माहीत असते.

चॅप्टर ७ मध्ये या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र धनकोंच्या बैठकीसाठी (ट्रस्टी अर्जदाराला शपथेवर प्रश्न विचारतो ती बैठक) प्रथम ठरवलेल्या तारखेपासून ६० दिवसांत दाखल व्हावे लागते; चॅप्टर १३ मध्ये शेवटचा हप्ता भरेपर्यंत किंवा कर्जमुक्तीची मागणी करेपर्यंत मुदत असते, पण तो पहिल्याच वर्षी उरकावा. तो राहून गेला तर प्रकरण कर्जमुक्तीविना बंद होते. मग पुन्हा शुल्क भरून ते उघडण्याचा अर्ज करावा लागतो, आणि मधल्या काळात धनको वसुली सुरू करू शकतात.

समुपदेशन घेतल्याची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये येते का?

अर्थशिक्षण घेतले किंवा त्यासाठी विचारणा केली, ही माहिती समुपदेशन संस्थेने पतनोंदणी कंपन्यांना देण्यास कायद्याने मनाई आहे. दिवाळखोरीची नोंद मात्र १० वर्षांपर्यंत राहू शकते. चॅप्टर १३ ची नोंद या कंपन्या सहसा ७ वर्षांनी काढतात.

दिवाळखोरीने सर्व कर्जे सुटतात का?

नाही. मुलांचा निर्वाहखर्च, पोटगी, अलीकडचे बहुतेक कर, फौजदारी दंड आणि मद्यधुंद अवस्थेत वाहन चालवून केलेल्या इजेची भरपाई सुटत नाही. शैक्षणिक कर्ज सुटण्यासाठी असह्य अडचण सिद्ध करणारी स्वतंत्र कार्यवाही करावी लागते. अर्जापूर्वीच्या ९० दिवसांत कार्डावर चैनीची मोठी खरेदी केली असेल, तर ती फसवणूक समजली जाण्याचा धोका असतो. एकूण कर्जांपैकी न सुटणाऱ्या कर्जांचा वाटा किती आहे हे समुपदेशकासोबत आधीच मोजावे. तो निम्म्याहून अधिक निघाला, तर अर्ज करून कितपत साधेल याचा वकिलाशी नव्याने विचार करावा.

समुपदेशक वकिलाचे काम करू शकतो का?

करू शकत नाही. कोणता चॅप्टर निवडावा, कोणती सवलत लागू होते, अर्ज केव्हा दाखल करावा हे सांगणे म्हणजे कायदेशीर सल्ला देणे, आणि तो फक्त वकील देऊ शकतो. मोबदला घेऊन अर्ज टंकून देणाऱ्यांनाही केवळ टंकलेखनाचीच परवानगी असते. वकिलाची फी परवडत नसेल तर आपल्या भागातील मोफत विधी साहाय्य संस्थेकडे किंवा वकील संघटनेकडे चौकशी करावी. अनेक दिवाळखोरी न्यायालयांच्या संकेतस्थळांवर वकिलाविना अर्ज करणाऱ्यांसाठी माहिती दिलेली असते.

कर्जमुक्तीचा आदेश मिळाल्यावरही वसुलीचे फोन आले तर?

जुनी कर्जे वसुली कंपन्यांना विकली जातात आणि नव्या मालकाला दिवाळखोरीची माहिती नसल्याचे अनेकदा आढळते. सुटलेल्या कर्जासाठी तगादा लावणे हा न्यायालयाच्या मनाई आदेशाचा भंग आहे. फोन करणाऱ्याला प्रकरण क्रमांक आणि आदेशाची तारीख सांगावी, लेखी पत्रासोबत आदेशाची प्रत पाठवावी आणि तरीही तगादा थांबला नाही तर वकिलामार्फत दिवाळखोरी न्यायालयात तक्रार करावी. यासाठी आदेश, कर्जांची यादी आणि दोन्ही प्रमाणपत्रे एका ठिकाणी जपून ठेवावीत. घर भाड्याने घेताना किंवा पुढे गृहकर्ज मागतानाही हीच कागदपत्रे मागितली जातात.